रुमालाखालचा आकडा

ते दिवस मला धुक्यातूनच आठवतात. आजारच तसा होता. अंगात साखर वाढली की सगळं मऊ होत जायचं. समोरचा माणूस ओढ्यापलीकडून बोलतोय असं वाटायचं. तोरण्याचा डोंगर दुपारच्या उन्हात जवळ यायचा, पुन्हा मागे सरकायचा आणि मी बाजाराच्या कडेला बसल्या बसल्या पेंगायचो. वर्ष नेमकं सांगता येणार नाही. मोठा दुष्काळ पडण्याच्या थोडं आधीचं असावं, कारण बाजारात अजून चांगल्या अंगाचे बैल येत होते आणि वैरणीच्या नावाने कोणी रडत नव्हतं.

मी बैलांचा व्यापारी. घर वेल्ह्यात, पण घरात फारसा कधी नसायचो. डोंगरावरच्या वस्तीतून खाली उतरलो तेव्हा अंगावर एक घोंगडी होती आणि डोक्यात राग होता. शाळा चौथीतच सुटली. उत्तर चुकलं म्हणून मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं. तिथून जो चालायला लागलो तो गुरांच्या बाजारात जाऊन थांबलो. लिहायला-वाचायला नीट शिकलो ते पुढे, माझं मी. जे काही कमावलं ते मात्र पायांनी. विकत घेतलेली जोडी टेम्पोत घालून न्यायची तेव्हा रीत नव्हती. वेल्ह्याहून नसरापूर, नसरापूरहून भोर, कधी हिर्डोशीवरून वरंधा घाट उतरून कोकणात, असं बैलांच्या मागे चालत जायचं. ज्याचे पाय थकले त्याचा धंदा दुसऱ्याच्या हातात गेला, इतका साधा हिशेब होता.

त्या पायावरच एका अवखळ गोऱ्ह्याने खूर ठेवला. डाव्या करंगळीजवळ जखम झाली. मी हळद भरली, चिंधी बांधली आणि चालत राहिलो. एरवी चार दिवसांत विसरून गेलो असतो. ही जखम बरी होईना. मग तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचो तरी जीभ टाळूला चिकटलेली. कमरेचं धोतर सैल झालं. भर बाजारात सौदा चालू असताना माझा डोळा लागायला लागला, तेव्हा घरच्यांनी मला काही विचारलं नाही. बायकोने पिशवी भरली आणि मला एसटीत घालून भोरला नेलं.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लघवी तपासली, पाय उचलून बघितला, वास घेतला. म्हणाले, साखर खाली आली तर पाय राहील. नाही आली तर आधी बोट जाईल, मग पाऊल. शिवाय रोज सकाळी सुई, जन्मभर. सुई स्वतःची स्वतः घ्यायला जमत असेल तर घरी जायचं, नाहीतर भोरातच कुठेतरी खोली घेऊन राहायचं आणि रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर हजर व्हायचं. हे ते अगदी शांतपणे बोलले, भाव सांगून मोकळं झाल्यासारखे. मी पडल्या पडल्या माझ्या पावलाकडे बघत होतो. ते मला कोणा परक्या माणसाचं वाटत होतं.

मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. सुई घ्यायला शिकवायचं काम एका नर्सबाईकडे होतं. वरव्याकडच्या शेतकरी घरातली, पुण्याला शिकून आलेली. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. सकाळचं औषधपाणी झालं की ती चार-पाच जुन्या दुखण्याची माणसं ओसरीवर जमवायची. कोणाला दमा, कोणाला साखर, एक म्हातारी रक्तदाबाची. बाई पाटीवर पोटाचं चित्र काढायची, साखर कुठे जाते, कुठे अडते ते सांगायची, मग एकेकाला विचारायची. बाकीचे शाळेतल्या पोरांसारखं सूर लावून सांगायचे. मी पाठ भिंतीला लावून, डोळे मिटून बसायचो. ऊन पायावर यायचं. पाटीवरच्या खडूचा आवाज आला की मला ती जुनी शाळा, बाहेरचं पटांगण आणि उघड्या टाचांखालची तापलेली फरशी दिसायची. मनात ठरवून ठेवलं होतं, हिने सगळ्यांसमोर काही विचारलं तर उठून चालू लागायचं. पाय असो की नसो.

तिने विचारलंच नाही. माझ्यापर्यंत यायची, माझ्याकडे बघायची आणि पुढच्या माणसाकडे वळायची. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी खटकलं. पुढे पुढे तर माझं डोकं तापायला लागलं. ही मला काय समजते? एवढ्या म्हातारीला विचारते, तिला धड सांगताही येत नाही, आणि मला ओलांडून जाते? बायको म्हणाली की तुम्हीच विचारा. मी म्हणालो, गरज तिची आहे, पगार तिला मिळतो. माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की होती. किंमत जो आधी विचारतो तो हरतो. बैलाभोवती दोन माणसं अर्धा दिवस मुक्याने फिरतील, दात बघतील, शेपूट उचलतील, पण तोंड उघडणार नाहीत. मी असे कितीतरी लोक नुसत्या गप्प बसण्याने वाकवले होते.

आणि त्या पोरीने मला वाकवलं. एका दुपारी ती माझ्या जखमेवर पट्टी बांधत होती. मान खाली, एकही शब्द नाही. बाहेर नीरा नदीच्या बाजूने वारा येत होता आणि खिडकीचं दार हळूच हलत होतं. ती शेवटची गाठ मारून उठायला लागली आणि माझ्याच तोंडून निघालं, "बाई, मला कवा शिकिवणार?"

ती परत खाली बसली. "आता," ती म्हणाली. "तुम्ही विचारायची वाट बघत होते, मामा."

"म्हंजे मुद्दाम?"

"मुद्दाम."

मला इतका राग आला की पट्टी ओढून काढावी असं वाटलं. तिने शांतपणे सांगितलं की पुण्याला त्यांना शिकवणं कसं असतं याचेच धडे होते. माणसाला शिकायचं नसताना शिकवलेलं त्याच्या अंगावरून वाहून जातं. मन लागेपर्यंत थांबावं लागतं. आणि माणूस काही कोरी पाटी घेऊन येत नाही, काहीतरी येत असतं त्याला, तिथूनच सुरुवात करायची. मी म्हणालो की मी तर फक्त एक सडका पाय घेऊन आलोय. ती हसली. ते हसू मला आजही आठवतं. त्यात टिंगल नव्हती, पण माझा राग काही गेला नाही. बाजारात समोरच्याने डाव टाकला तर मी दाद देतो. पण तिथे समोरचाही व्यापारी असतो आणि दोघांनाही माहीत असतं की डाव चालू आहे. इथे मला माहीतच नव्हतं.

पहिल्यांदा तिने माझ्या हातात वांगं दिलं. सिरिंज काचेची, पाण्यात उकळून घेतलेली. वांग्यात सुई कशी घालायची ते तिने करून दाखवलं, मग मला करायला लावलं. मी वांगं आरपार केलं. शेजारच्या खाटेवर एक दमेकरी म्हातारा होता, शेरा मारल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नसे. तो म्हणाला, "वांगं मेलं बगा बाई. आता भरीत करा." माझा हात थरथरायला लागला. बाईने वांगं बाजूला ठेवलं. विचारलं, बैल घेताना त्याची कातडी कशी बघता?

हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मानेजवळची कातडी चिमटीत धरायची, वर उचलायची, सोडायची. तरतरीत बैलाची कातडी लगेच जागेवर बसते. आजारी, सुकलेल्या बैलाची तशीच उभी राहते, जणू विसरून गेली.

"मग धरा," बाई म्हणाली आणि माझ्याच मांडीकडे बोट दाखवलं.

मी धरली. माझी कातडी चिमटीत उभी राहिली. सोडली तरी थोडा वेळ तशीच राहिली. असा बैल मी घेतला नसता. ते बघून मला एकदम गलबलून आलं, पण हात मात्र स्थिर झाला. त्या चिमटीत, उचललेल्या कातडीत सुई जायची होती, आत मांसात नाही. एवढं कळल्यावर पुढचं माझ्या बोटांनीच केलं. सुई गेली. दुखलंसुद्धा नाही. 

राहिला आकडा, रोज किती रेघांपर्यंत औषध भरायचं तो. सिरिंजवरच्या बारीक रेघा आणि माझी अंधुक नजर, पण ते मी उजेडाकडे धरून जमवलं असतं. खरी अडचण दुसरी होती. ओसरीवर सगळ्यांसमोर बाईने विचारलं, मामा, सकाळी किती, की माझी वाचा बसायची. उत्तर माहीत असायचं. पण तोंड उघडलं की मास्तर दिसायचे.

बाईला ते कळलं. कसं कळलं ते तीच जाणे. तिने मला एकदा सहज विचारलं की बाजारात तुम्ही लोक रुमालाखाली काय करता. मी तिला सांगितलं. भाव कधी तोंडाने बोलायचा नाही, चारचौघांना कळता कामा नये. विकणारा आणि घेणारा हातात हात घेतात, वर उपरणं किंवा रुमाल टाकतात. आतमध्ये बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. दहाचा की शंभराचा, तेवढं फक्त ओठांतून पुटपुटायचं. तिने लगेच स्वतःचा हात पुढे केला, वर माझा रुमाल टाकला आणि म्हणाली, "बोला. सकाळी किती रेघा?"

मी "धाचं" म्हणालो आणि तिची दोन बोटं धरली. वीस.

म्हातारा खोकत खोकत उठून बसला. "आरं, नर्सबाई काय बैलजोडी घ्याय निगाल्या का काय?" सगळी खोली हसली. बायकोने तोंडाला पदर लावला, मग म्हणाली, "बगा बाई, हे रुमालाखाली कुणालाबी टोपी घालत्यात." बाईने रुमाल काढला, मान डोलावली आणि म्हणाली, बरोबर. एवढंच. तो एक शब्द मी दिवसभर अंगावर घेऊन बसलो होतो. चौथीनंतर मला कोणी बरोबर म्हणालं नव्हतं.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी ओसरीवर सगळे मोठ्याने उत्तरं द्यायचे आणि माझ्याकडे आली की बाई रुमाल टाकायची. बायकोला तिने दुसरं काम शिकवलं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर उत्तम, भाटघरच्या धरणातल्या थंडीतल्या पाण्यासारखा. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटेचा लाल. माझा रंग विटेवरून पिवळ्यावर आला होता. जखमेचे काठ गुलाबी दिसायला लागले होते. एकदा जेवण उशिरा आलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, आणि बाईने चमचाभर साखर तोंडात घातली. तेव्हापासून वीस जरा जास्तच आहे असं माझ्या मनाने घेतलं.

घरी जायचा दिवस आला. बाई सुईच्या औषधाची बाटली ओल्या वाळूत माठाशेजारी कशी ठेवायची ते बायकोला सांगत होती. मग माझ्याकडे आली, शेवटचा रुमाल टाकला, विचारलं किती. मी दोन बोटं धरली. आणि लगेच, सवयीने म्हणा, अनुभवाने म्हणा, एक बोट सोडलं, म्हणजे राहिले दहा, आणि वर पंजा धरला, म्हणजे पाच. पंधरा. बाजारात विकणारा वीस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सोळा असतात, हे शेंबडं पोरही जाणतं. डॉक्टरांच्या मनात काय असेल याचा अंदाज मी केव्हाच बांधला होता. बाईने एकदा रुमालाकडे बघितलं. मग दुसऱ्या हाताने रुमालावर हलकी थाप मारली आणि हसून म्हणाली, "छान. जावा आता घरी."

आमच्यात थाप पडली की सौदा पक्का. मग आई-बाप मध्ये पडले तरी बदलत नाही. मी एसटीत खिडकीशी बसलो. चेलाडीपासून पुढे रस्ता डोंगरात शिरायला लागला, भातखाचरं पिवळी पडली होती, आणि मला वाटलं, पाच रेघा वाचवल्या आपण.

घरी मी एकही सकाळ चुकवली नाही. कोणी काहीही म्हणो, हे मी ठामपणे सांगतो. सूर्य तोरण्याच्या खांद्यावर यायच्या आधी सिरिंज उकळलेली असायची. चिमूट, सुई, पंधरा रेघा. हात देवाच्या पूजेसारखा चालायचा. बायको नळी उकळायची आणि तिथे आमचं जुंपायचं.

"ही वीट हाय," ती म्हणायची.

"नारिंगी हाय."

"अवो, भट्टीतली वीट अशीच असती. आंधळं झालाय का?"

मी नळी उन्हात धरायचो, फिरवायचो आणि तिला नारिंगीवर आणायचो. फार तर नारिंगी आणि वीट यांच्यामधलं काहीतरी, यावर आमची तडजोड व्हायची. सकाळचं धुकं उंबऱ्यापर्यंत यायचं, मला पुन्हा ग्लानी यायची. झोपेत मी बैलांच्या मागे चालायचो, रस्ता दुधाचा असायचा आणि पावलांचा आवाज यायचा नाही. जागा झालो की तहान लागलेली असायची. मग एका सकाळी बायकोने पट्टी सोडली, आणि करंगळी काळी होती.

भोरला परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नाही. बोट काढावं लागेल, आणि पाऊल राहतं का ते पुढच्या पंधरवड्यात कळेल. बाई पलीकडे उभी होती.  डॉक्टर गेल्यावर तिने सिरिंज आणली, बाटली आणली आणि म्हणाली, घरी घेता तशी घेऊन दाखवा.

मी दाखवली. माझ्या हातात कणभरही चूक नव्हती. दट्ट्या पंधराच्या रेघेवर आला आणि मी थांबलो.

"पंधराच का?" तिने विचारलं.

"ठरलं तेवढंच."

"कोणी ठरवलं?"

"तुमी," मी म्हणालो. "तुमी न्हाई तर कुणी? हितंच ठरलं. याच खाटंवर."

 मग माझा आवाज चढला. मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही वीस म्हणालात, मी पंधरा म्हणालो, तुम्ही थाप मारली. रुमाल तुम्ही टाकला. मी मागितला नव्हता. रुमालाखाली हात घातला म्हणजे भाव आला, आणि भाव आला म्हणजे घासाघीस आली, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं तर माझ्या धंद्यात हात कशाला घातला? मी तर शब्दाला जागलो. एक दिवस चुकवला नाही. खोलीतले सगळे ऐकत होते.  बायको पायाशी बसली होती, तिने माझा घोटा धरून ठेवला होता.

माझी अपेक्षा होती की बाई भांडेल. म्हणेल की औषधाला कधी भाव असतो का, तुम्हाला एवढी अक्कल नाही का. मला तेच हवं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने सिरिंज माझ्या हातातून घेतली, ताटलीत ठेवली. म्हणाली, "पंजा मला कळला नाही. मला वाटलं, तुम्ही जाताना हात धरलात. म्हणून थोपटला." ताटली बाजूला सरकवली. "तुम्ही बरोबर शिकलात, मामा. मी शिकवलं तेच शिकलात. चूक माझी आहे."

माझ्या उभ्या आयुष्यात समोरच्याने पहिल्याच बोलीला पूर्ण किंमत मोजल्याचं मला आठवत नाही. अशा माणसाचं काय करायचं ते मला येत नव्हतं. भांडायला समोर कोणी उरलंच नाही. माझा राग तसाच माझ्या हातात राहिला, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. माझं बोट गेलं ते पाच रेघांपायी, आणि त्या पाच रेघा एका थापेपायी. ती चूक माझी होती असं मी कधी मानलं नाही, तिनेही मला तसं मानू दिलं नाही. कोणी थोडी तरी घासाघीस केली असती तर निम्मी माझ्याकडे घेऊन मी शांत झोपलो असतो.

करंगळी काढली. त्यानंतरचे दिवस सगळ्यात धूसर आहेत. वीसवर भागेना म्हणून डॉक्टरांनी आकडा आणखी वाढवला होता. खिडकीतून ऊन यायचं, सरकत सरकत भिंतीवर जायचं आणि मी ते बघत पडायचो. बाई आता रुमाल टाकत नसे. पाटीही नाही, प्रश्नही नाही. रोज सकाळी ती दिवा आणि नळी माझ्या खाटेवर आणून ठेवायची आणि म्हणायची, करा. मी उकळायचो. रंग मीच सांगायचा, ती हो किंवा नाही म्हणायची नाही. मग बायकोला बाहेरून बोलवायची आणि तिला वेगळं विचारायची. पहिल्या दिवशी मी नारिंगी म्हणालो, बायको वीट म्हणाली. बाईने दोन्ही ऐकलं आणि नळी आमच्या दोघांमध्ये उभी करून निघून गेली.

आम्ही दोघं त्या नळीकडे बघत बसलो. ऊन तिच्यातून आरपार जात होतं. मी मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावले, थोडी खाली उतर म्हणालो. ती वीटच राहिली. तिला ना माझी गरज कळत होती, ना माझा राग. इतका आडमुठा माल मी बघितला नव्हता. "वीट," मी शेवटी म्हणालो. बायको उठली. बाहेर जाऊन तिने बाईला सांगितलं असावं, कारण दुपारी पट्टी बदलताना बाई म्हणाली, उद्या काय वाटतं?

"नारिंगी व्हईल," मी म्हणालो. "तुमचा आकडा खरा असंल तर."

दुसऱ्या दिवशी नारिंगी झाली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी झाली. मग एकदा मळकट पिवळी. मग बरेच दिवस पिवळीच, आणि मी ओरडायला लागलो की थांबलं, अडलं, काही उपयोग नाही. आणि एका सकाळी, दिव्याची ज्योत खाली असताना, औषध उकळून उकळून हिरवं झालं. कोवळ्या भाताच्या रोपासारखं. मी बायकोला हाक मारली नाही. एकटाच बघत बसलो. आकडा वाढवला तेव्हा रंग उतरला, पंधरावर होतो तेव्हा चढला होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याच लघवीने, माझ्याच हातांनी, माझ्याच डोळ्यांसमोर झालं होतं. त्यात माझ्या बोलण्याला जागाच नव्हती.

जखम भरायला लागली. डॉक्टर एकदा पाऊल दाबून बघून गेले, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, राहिलं पाऊल. आकडा पुन्हा वीसवर आणला आणि जाऊ दे म्हणाले.

निघताना बाईने विचारलं की घरी कुठे बसून घेता, उजेड कुठून येतो, बाजाराच्या दिवशी वाटेत असाल तर काय कराल, बाटली कशात नेणार. एकेक गोष्ट. मी सांगितलं, ओल्या फडक्यात गुंडाळून, पोकळ भोपळ्याच्या तुंब्यात घालून. तिला ते आवडलं. मग विचारलं, "मामा, समजा अंगात बरं वाटतंय, किंवा घाम येतोय, कमी करावंसं वाटलं. काय कराल?"

"आधी खाईन. मग नळी उकळीन. मग तुमच्याकडं यीन."

"आणि आकडा?"

"त्यो तुमचा न्हाई, माझाबी न्हाई," मी म्हणालो. माझ्या आवाजात राग होता. तिला तो ऐकू आला असणार.

ती हसली नाही, थोपटलंही नाही. नुसती दारापर्यंत आली. म्हणाली, आम्हाला पुण्यात सांगायचे की समोर करून दाखवलं म्हणजे माणूस शिकला असं नाही, आपण तिथे नसताना केलं तर शिकला. मग ते आम्हाला कसं कळायचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. मी म्हणालो, तुम्हाला कळणारच नाही. ती म्हणाली, हो ना.

वेल्ह्यात पहिल्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत नव्हतं. बायको ओढ्यावर गेली होती. घरात मी एकटा. पाणी उकळलं, सिरिंज गार झाली, मी दाराच्या उजेडात बसलो आणि दट्ट्या ओढला. पंधरावर तो आपोआप थांबला. माझा अंगठाच थांबला. त्याला तिथली सवय होती. बाहेर कोणाच्या तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज पांढऱ्या धुक्यातून येत होता, बाजाराकडे चाललेला. बघणारं कोणी नव्हतं. बाई भोरला होती, तिला कळणार नव्हतं. मला तिचा राग आला, फार आला, आणि त्या रागातच मी दट्ट्या वीसच्या रेघेवर नेला, उजेडाकडे धरून बघितला, बुडबुडा काढला, पुन्हा बघितला आणि मांडीची कातडी चिमटीत धरली.

मग भाकरी खाल्ली. वहाणेत चार बोटांचं पाऊल घातलं, काठी घेतली आणि घुंगरं गेली त्या दिशेने चालायला लागलो. पाऊल आतल्या बाजूला झुकत होतं, तोल नवा होता. गावाबाहेर येईपर्यंत धुक्यात दोन शिंगं दिसायला लागली, मग पाठ, मग हाकणारा. त्याने मागे वळून विचारलं, पाय चालतोय का? मी म्हणालो, आधी तुझ्या बैलाचं सांग.